कोल्काच्या वाटेवरच्या अर्ध्या गोळ्या

विवेकनं कोकचा कॅन संपवला आणि समाधानानं ढेकर दिला. त्या ढेकरानं सुनेत्राचे कान टवकारले.

बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, ओळीनं लागलेल्या खाण्याच्या टपऱ्यांपुढे, चौघं जेवायला बसले होते. सुनेत्रा आणि तिचा नवरा विवेक, हिरा आणि तिचा नवरा शिवदास. पुढच्या आठवड्यात चौघं पेरूला निघणार होते, अँडीजमधली कोल्का दरी बघायला. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या आधी इथंच घेऊन बघा, असंही सांगितलं होतं.

“माझा कोक पार पाणी झालाय,” हिरा म्हणाली. “बोटांना मुंग्याही येतायत.”

“माझाही. गोळीमुळे. फसफसणारं सगळं बेचव लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते ना,” शिवदास म्हणाला. त्यानं खिशातून निळी डबी काढली, ब्लडप्रेशरची गोळी आत ठेवून झाकण दाबलं आणि कापलेली अर्धी गोळी गिळून टाकली.

“मला काही झालं नाही बुवा,” विवेक म्हणाला. “शरीर कमावलेलं लागतं.”

त्या कमावलेल्या शरीराची सुनेत्राला पुरेपूर कल्पना होती. तिचा स्वतःचा कोकही बेचवच लागत होता. ती चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत लबाडी शोधून काढायचं काम करायची. तिघांना एक अनुभव येतो आणि चौथ्याला येत नाही, तिथं ती थांबत असे.

आणि हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दोन वर्षांपूर्वी विवेक लडाखला गेला होता, हिराच्या धाकट्या भावाबरोबर, सुगतबरोबर. विवेक आजारी होऊन परतला. सुगत परतलाच नाही. ‘आता गोळीशिवाय उंचावर गेलात, तर जिवावर बेतेल,’ असं डॉक्टरांनी विवेकला बजावलं होतं.

सेंगकांगच्या आपल्या घरी पोचताच तिनं दोघांच्या पुड्या दोन वेगळ्या ताटांत ओतल्या. क्लिनिकमधून मिळालेल्या, वर नाव लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या पुड्या. डोस अर्ध्या गोळीचा, म्हणून हिरानं सगळ्यांच्या गोळ्या आपल्या घरी सर्वांसमोर कापून दिल्या होत्या. सुरी घसरायला लागली तेव्हा तिनं नागपूरहून आणलेला अडकित्ताच काढला होता. त्यावरून सगळे किती हसले होते.

सुनेत्राच्या पुडीतले तुकडे ओबडधोबड होते, एक जाड, एक बारीक, कडा चुरलेल्या. विवेकच्या पुडीतले सगळे तुकडे मात्र सारखे होते. तिनं त्यातला एक जिभेवर ठेवला. तिची गोळी कडू लागायची, हा खडूसारखा लागला. साधं कॅल्शियम.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्यानं हे केलं त्याला ती सोडणार नव्हती, मग तो कितीही जवळचा असो. आणि जवळचं म्हटलं की आधी हिराच डोळ्यांसमोर येत होती.

दुसऱ्या दिवशी ती हिराकडे गेली.

“गोळ्या कापल्यावर पुड्या कुठे होत्या?”

“यांच्या बॅगेत. दुसऱ्या दिवशी यांनीच तुम्हाला आणून दिल्या ना. का गं?”

“तू पुन्हा हात लावलास?”

“नाही.”

“आरेकिपाचे दोन दिवस कुणी काढून टाकले?”

आरेकिपा हे निम्म्या उंचीवरचं शहर. तिथं विसावा घेऊन मग वर चढायचं, असं आधी ठरलं होतं. आता समुद्रकाठच्या लिमाहून निघून त्याच दिवशी सर्वांत उंच खिंड ओलांडायची होती.

“यांनीच. विवेकची रजा वाचते म्हणून. खूश झाला होता तो.”

“हिरा, तुला विवेकचा राग येतो?”

“माझा भाऊ गेला आणि तो परत आला. राग येणारच. पण सुगतनंच वर जायचा हट्ट धरला, असं विवेक म्हणतो. मग रागवायचं कुणावर?”

संध्याकाळी सुनेत्रानं विवेक आणि शिवदास दोघांनाही तिथंच बोलावून घेतलं. टेबलावर तुकड्यांचे दोन ढीग मांडले.

“विवेकच्या गोळ्या बदलल्यात,” ती म्हणाली. “मला हिराचा संशय आला होता. पण हिरानं बदलल्या असत्या, तर तिनं अडकित्ताच वापरला असता आणि या गोळ्याही अशाच चुरल्या असत्या. या कापल्यात गोळ्या कापायच्या डबीनं. ती निळी डबी तुमच्या खिशात असते, शिवदास. पुड्या तुमच्याच बॅगेत होत्या. विसाव्याचे दिवसही तुम्हीच काढलेत. रोज गोळी कापायची सवय, हात आपोआप डबीकडे गेला.”

विवेकनं शिवदासची कॉलर धरली. शिवदासनं ती सोडवलीही नाही.

“मी मारणार नव्हतो याला, वहिनी. डोंगरावर सोपवणार होतो. सुगतला यानं तसंच सोपवलं.” तो हिराकडे वळला. “दिल्लीला काम आहे असं सांगून मी लेहला गेलो होतो. यांचा ड्रायव्हर भेटला. सुगत ओकत होता, खाली न्या म्हणून हात जोडत होता. हा म्हणाला, नाटकं करतोय, गाडी पुढे घे.”

हिरा नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. “अहो, मला सांगायचं होतंत.”

“तू मोडली असतीस.”

“मला सांगायचं होतंत,” ती पुन्हा म्हणाली.

सुनेत्रा नवऱ्याकडे वळली. “खरं आहे?”

विवेकनं कॉलर सोडली. “ज्या तळ्यासाठी निघालो होतो, ते अगदी जवळ आलं होतं. वाटलं, फोटो काढून लगेच फिरू.” मग एकदम तावातावानं म्हणाला, “मी पोलिसांकडे जातो. यानं माझा जीव घ्यायला बघितलं.”

“उद्या मीच शिवदासना घेऊन जाणार आहे,” सुनेत्रा म्हणाली. “त्यांनी केलं ते मी माफ करणार नाही. पण का केलं, हेही तिथं सांगावं लागेल. त्याआधी एका माणसाला ते तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. हिरा, तुझ्या आईंचा नंबर लाव.”

हिरानं नागपूरचा नंबर फिरवला आणि फोन विवेकच्या हातात दिला. पलीकडे बराच वेळ रिंग वाजत राहिली.

“आई, विवेक बोलतोय,” तो कसाबसा म्हणाला.

“विवेक? बरा आहेस ना, बाळा?”

त्यानं सुनेत्राकडे पाहिलं. तिनं हात पुढे करून स्पीकरचं बटण दाबलं.