तिसऱ्या मजल्यावरचा सिलिंडर

यातला एक शब्दही बनवलेला नाही. माझं वय अठ्ठ्याहत्तर. या वयात कोणाला घाबरवण्याची हौस उरत नाही.

गेल्या वर्षी, मे महिन्याची एकवीस तारीख. वर्धा. भर दुपार.

बापूराव आमच्याकडे तीस वर्षं गॅस आणत. एजन्सी नानाजींची होती तेव्हा मे महिन्यात गाड्या अकराच्या आत परत यायच्या. गाडीवर दोन माणसं असत.

मग त्यांचा मुलगा आला, मुकेश. त्यानं हेल्पर काढले. चौसष्ट वर्षांचे बापूराव गाडीही चालवत आणि सिलिंडरही चढवत. म्हाताऱ्यांना मुद्दाम बिनलिफ्टच्या इमारती. कंटाळून आपणच सोडतील म्हणून.

बाराला त्यांचा फोन आला.

"बाई, कोड सांगून द्या नं. गाडी सावंगीच्या रस्त्यावर आहे. येतोच अर्ध्या तासात. उशीर दिसला तं मुकेशभाऊ उद्यापासून येऊ नको म्हणते."

"आवाज असा काऊन येते बापूराव?"

"काई नाई जी. ऊन लागून राह्यलं."

सिलिंडर हातात आल्याशिवाय मोबाईलवर आलेला कोड द्यायचा नसतो; दिला की डिलिव्हरी झाल्याची नोंद होते. मी दिला. दया म्हणून.

एक वाजला...

जिन्यात आवाज आला.

ठण.

थोडं थांबून... ठण.

एकेक पायरी. पण धापा नाहीत. चपला नाहीत. नुसतं लोखंड.

आवाज दाराशी थांबला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दार उघडलं.

सिलिंडर होता.

माणूस नव्हता.

"बापूराव?"

जिना रिकामा. खिडकीतून पाहिलं, खाली गाडीही नव्हती.

मी एजन्सीत फोन लावला.

"बाई, तुमची डिलिव्हरी झाली नं?" मुकेश म्हणाला. "कोड पडला आहे."

"अरे, पण माणूस कुठं आहे?"

"झोपला असन कुठं सावलीत. म्हाताऱ्यांचं काम कमी अन् नखरे जास्त."

फोन कट.

शेवटी मी बापूरावांच्या बायकोला, कांताला कळवलं. ती शोधत गेली. पाच वाजता सावंगीच्या रस्त्यावर गाडी सापडली. बापूराव स्टिअरिंगवर पडलेले. फोन हातात.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. एकच्या सुमारास गेले.

गाडी तिथून हललीच नव्हती.

मी कोड दिला नसता, तर मुकेश साडेबारालाच शोधत निघाला असता. माणसासाठी नाही. सिलिंडरसाठी.

आता त्या गाडीवर चंदन आहे. एकसष्ट वर्षांचा. एकटाच. गेल्या महिन्यात त्यानंही खालून कोड मागितला.

"नाही," मी म्हटलं. "आधी वर ये."

"म्हाताऱ्या माणसाचे हाल करता बाई," तो पुटपुटला.

ठण... ठण...

तो दाराशी आला. घाम नव्हता. तोंड मात्र पांढरंफटक.

"बाई... खालून कोणीतरी हात लावला जी. फुलासारखा चढला सिलिंडर. वळून पाह्यलं तं..."

तो तसाच मागे फिरला. पाणीही प्यायला नाही.

हे त्यानं मुकेशला सांगितलं. रडत सांगितलं म्हणे. मुकेश खदखदून हसला.

"मंग बरं आहे की! हेल्पर फुकटात भेटला."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं चंदनच्या गाडीत दहा सिलिंडर वाढवले.

कालच्या दुपारी जिन्यात पुन्हा आवाज आला. मी काही मागवलं नव्हतं. खाली गाडीही नव्हती.

या वेळी धापा ऐकू येत होत्या... दोघांच्या.