शिसारीचा धडा

२०६१ साली सांगलीतल्या पोरांच्या चुका होणं जवळजवळ बंद झालं.

तेरा-चौदा वर्षांची पोरं हातात मावणाऱ्या यंत्रासाठी स्वतःच गेम लिहायची आणि त्यातून कोडिंग शिकायची. यंत्राला ती ‘पाटी’ म्हणत. कोड चुकलं की पाटीतून तळहाताला बारीक झिणझिणी येई, ती नसांवाटे आत पोहोचे आणि पोटात ढवळून येई. शाळेने याला नाव दिलं होतं ‘शिसारीशिक्षण’.

मृण्मयीच्या लहानपणी असलं काही नव्हतं. तिच्या गेममधला बैल कोड चुकल्यामुळे शेपटीच्या बाजूने चालत आभाळात गेला, तेव्हा अख्खा वर्ग पोट धरून हसला होता. बाईसुद्धा.

तिची लेक कस्तुरी मात्र बिनचूक गेम लिहायची. आणि अलीकडे आईने तोंड उघडलं की ताट सारून उठायची. मृण्मयी जन्माची ‘क’वर अडखळणारी.

“क-क-कस्तुरी, भात घे.”

“आई, शी! मळमळतं मला. एकदा तरी नीट म्हण ना.”

मृण्मयी पाटीचा शोध लावणाऱ्या डॉ. टिपणीसबाईंकडे गेली.

“बाधलेलं फळ माणूस पुन्हा तोंडात घालत नाही,” बाई कौतुकाने सांगू लागल्या. “छडी विसरतो, शिसारी विसरत नाही. आम्ही चूक आणि पोट यांची गाठ मारली, एवढंच.”

“पण ती माझ्या बोलण्याला क-क-कशी बसली?”

“पोटाला चूक तेवढी कळते हो. कुणाची, ते नाही कळत.”

“मग सोडवा गाठ.”

“सोडवू. पण शिकलेलं सगळं जाईल. लेकीला विचारा.”

कस्तुरी भडकली. “म्हणजे मी पुन्हा ढ होऊ? त्यापेक्षा मीच तुला बरं करते.”

आठवड्याने ती नवा गेम घेऊन आली. “खास तुझ्यासाठी लिहिलाय. माझं नाव नीट घेतलंस की तळ्यात कमळ फुलतं.”

“आणि नाही घेतलं तर?”

“घेशील गं. सगळे शिकतात.”

लेकीच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी माया दिसली होती. मृण्मयीने पाटी हातात घेतली.

संध्याकाळपर्यंत एकही कमळ फुललं नाही. मृण्मयी मोरीत वाकून ओकत होती, आंबट पाणी नाकातून येत होतं. कस्तुरी मान फिरवून, पण प्रेमाने तिची पाठ चोळत होती.

“हं, पुन्हा एकदा म्हण, आई.”

पुढे टिपणीसबाईंचे मोठे सत्कार झाले आणि पाट्या बालवाडीत गेल्या. कस्तुरी बंगळुरूला असते. तिचा गेम कुठे म्हणून अडकत नाही, असं लोक सांगतात. ती दर रविवारी फोन करते आणि आई तिला नुसतं ‘बाळ’ म्हणते.

मृण्मयी ‘क’वर अजूनही अडखळते. कावळा, कपडे, काकडी, सगळं अडखळत का होईना म्हणते. पण शेजारणीने सहज विचारलं, “कस्तुरी बरी आहे ना?” की ती तोंडावर हात दाबून मोरीकडे धावते.