मनगटापर्यंतचा हात

"सगळी वाडी या फोटोत आहे. नाही ती फक्त मालन!" जयवंत कीर्तिकरांनी लांबलचक फोटो खासगी गुप्तहेर देविका धुरंधरच्या टेबलावर उलगडला.

गिरगावातली त्यांची चाळ पाडायची ठरली होती. म्हणून रविवारी भर दुपारी सगळ्यांना चौकात अर्धगोलात उभं करून पॅनोरामा काढला. फोटोला उभं राहण्याआधी जयवंतरावांनी घरातल्या डबीत नथ पाहिली होती; नंतर लगेच ती डबी रिकामी दिसली. इतकी वर्षं धुणीभांडी करणाऱ्या मालनची पिशवी त्यांनी सगळ्यांदेखत उलटी केली. नथ सापडली नाही. मालन पिशवी तिथेच टाकून निघून गेली.

"मग तिनंच घेतली," वीरेंद्र म्हणाला. देविकाच्या या मावसभावाचा निकाल आधी लागतो, पुरावा मागाहून येतो.

"नथ गेली तर गेली," जयवंतरावांच्या पत्नी सरोजिनीबाई पुटपुटल्या. मालनची पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती. "पोलिसांत नका जाऊ."

देविका फोटोवर वाकली. "खाली फोटोग्राफरची सावली आहे. वर छत्रीची."

"ऊन होतं गं," वीरेंद्र म्हणाला.

"आणि डाव्या टोकाला सरोजिनीबाई. शेजारी त्यांच्या सासूबाई खुर्चीत. बाईंचा हात खुर्चीकडे गेलाय, पण मनगटाशीच संपतो."

वीरेंद्र हसला. "जोडताना चुकलंय. माझ्या मोबाईलवर आमच्या मांजराला दोन शेपट्या आल्या होत्या."

देविकाने फोटोग्राफर सुशांतला फोन लावला.

"डावीकडून एकेक फोटो काढत गेलो, मग जोडले," तो म्हणाला. "हलू नका सांगितलं होतं, पण ऐकतंय कोण!"

"तुमचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर. मग छत्री कोणी धरली?"

"त्या मालनबाईंनी. फोटो फक्त चाळकऱ्यांचा, तू बाजूला हो, म्हणाले त्यांना. मग त्याच म्हणाल्या, छत्री तरी धरते. शेवटपर्यंत धरली. मला कुणी विचारलंच नाही."

देविकाने फोन ठेवला.

"फोटो एक दिसतो, पण तो एका क्षणाचा नाही," देविका म्हणाली. "पहिल्या फोटोत बाई पूर्ण आहेत. दुसरा, खुर्चीचा, काढला तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. म्हणून पंजा कुठेच नाही. मागे त्यांचंच दार आहे. घरात गेल्याचं त्या बोलल्या नाहीत, आणि नथ शोधायलाही नको म्हणतात. बाई, नथ कुठे आहे?"

"तांदळाच्या डब्यात." सरोजिनीबाईंना रडू फुटलं. "दारं सताड उघडी होती, म्हणून लपवायला गेले. मग मागे नळावर गेले. परत चौकात आले तर यांनी पिशवी उलटी केलेली. सगळी वाडी बघत होती. माझं तोंडच उघडेना. लाज वाटली हो."

"तुमची लाज राखलीत. तिची गेली," देविका म्हणाली.

संध्याकाळी चौघं लालबागला मालनच्या दारात उभे राहिले. सरोजिनीबाईंनी हात जोडून सगळं सांगितलं आणि पिशवी पुढे केली.

मालनने पिशवी घेतली आणि शेजाऱ्यांदेखत गॅलरीत उलटी केली. चपातीचा डबा, चष्म्याचं घर आणि कंगवा फरशीवर पसरले.

"भरा आता, वैनी. सायेब, तुमी पन."

दोघं खाली बसले. कंगवा वीरेंद्रच्या पायाशी आला होता. तो उचलायला तोही वाकला, आणि मग त्याला मान वर करवेना.