मागचं व्हायोलिन

त्या दिवशी सून खाली शिंप्याकडे गेली ती एवढ्याशा कामासाठी. पोरीच्या झबल्याची दोन बटणं तुटली होती, तेवढी लावून घ्यायची होती. दुपारचे साडेतीन झाले असतील. आठ महिन्यांची ठकी कडेवर, आईच्या पदराचं टोक तोंडात धरून चघळत होती. शिंप्याचं मशीन खडखडत होतं आणि वरच्या फळीवर रेडिओ चालू होता.

रेडिओवर ते गाणं लागलं. सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणत त्या गायिकेचं, पन्नास वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडून न गेलेलं. शिंप्याने मशीनवरचा पाय उचलला.

"वहिनी, बटणं आता तीन मिनिटांनी," तो म्हणाला. "हे लागलं की माझा पायच चालत नाही. बाईंचा गळा गोड आहेच, पण ते मागचं व्हायोलिन ऐका. कुठून लांबून येतंय बघा. आणि तिसऱ्या कडव्याला ते एकदम थांबतं ना, तिथं काळीज हलतं."

सुनेला हसू आलं. हे गाणं तिच्या सासऱ्यांनीच ध्वनिमुद्रित केलेलं. गल्ली त्यांना रेकॉर्डिस्ट म्हणूनच ओळखे. घरी कुणी आलं की ते तबकडी लावत, पण दुसरं कडवं संपलं की सुई उचलत. पुढचं का नाही, असं विचारलं तर म्हणत, पोटभर ऐकलं की गोडी जाते.

तेवढ्यात ठकी रडायला लागली. भुकेचं रडणं, झोपेचं रडणं, पोट दुखल्याचं रडणं, सगळी सुनेला पाठ होती. हे त्यातलं नव्हतं. हे ठकीचं रडणंच नव्हतं. व्हायोलिन चढलं की ठकीचा सूर चढे, ते अडखळलं की तीही अडखळे. आणि उभ्या उभ्या सुनेच्या अंगावर काटा आला. मागे वाजत होतं ते व्हायोलिन नव्हतंच. भिंतीपलीकडे कुणाचंतरी तान्हं रडत होतं.

तिसरं कडवं सुरू झालं. ते रडणं थांबलं.

ठकीही थांबली. तोंड उघडं, डोळे स्थिर, श्वास नाही. ओठ बघता बघता जांभळे पडले. सुनेने तिला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, शिंप्याने पाण्याचा तांब्याच तोंडावर ओतला. काही उपयोग झाला नाही. गाणं संपलं, निवेदिका बोलायला लागली, तेव्हा कुठे ठकीने श्वास ओढला.

डॉक्टर म्हणाले, रडता रडता काही मुलं श्वास धरतात, मोठी झाली की जातं. नवऱ्याने डॉक्टरांचीच री ओढली. पण सुनेला ठाऊक होतं. आणि ते गाणं काही एका रेडिओत नव्हतं. बसमध्ये होतं, बेकरीत होतं, शेजारणीच्या फोनमध्ये होतं. लोकांचा जीव होता त्या गाण्यावर. पहिली ओळ कानावर आली की सून पोरीला छातीशी धरून पळत सुटे. भुताला भिणारी माणसं ऐकली होती, नवरा म्हणायचा, गाण्याला भिणारी बायको माझ्याच नशिबी.

चौथ्या दिवशी ती सासऱ्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

खोली लहान, बिनखिडकीची. भिंतींना आवाज अडवायला जाड करडा लोकरी नमदा ठोकलेला. दार त्यांनी स्टुडिओ मोडला तेव्हा तिथूनच उचलून आणलेलं, चार बोटं जाडीचं. किल्ली बाहेरच्या बाजूला. गायकाला आत घेतलं की बाहेरून किल्ली फिरवायची ही त्यांची शिस्त. गाणं चालू असताना दार उघडलं तर सगळी मेहनत पाण्यात, असं ते अभिमानाने सांगत.

"बाबा, त्या गाण्यात मूल का रडतंय?"

सासऱ्यांनी पुसायला घेतलेली तबकडी खाली ठेवली.

"मोठ्या बाईंचा घसा बसला होता," ते म्हणाले. "डमीवाली होती. वाद्यवाल्यांना चाल कळावी म्हणून आधी गाऊन दाखवायला ठेवलेली. म्हटलं, हिच्याकडूनच गाऊन घेऊ, नाव बाईंचं लावू. तिचं पोर तापाने फणफणलेलं होतं. बाहेर दाराशीच बाकावर ठेवलं होतं, रडणं आत झिरपत होतं."

"ती थांबा म्हणाली नाही?"

"पहिल्या कडव्यानंतर हात जोडले. मी काचेतून खूण केली, चालू ठेव. मग रडणं थांबलं. म्हटलं बरं झालं, झोपलं."

"तिलाही तसंच वाटलं?"

"नाही," सासरे म्हणाले. "तिला कळलं होतं. म्हणून तर तिसरं कडवं तसं उतरलंय."

ती बाईही त्याच आठवड्यात वारली. शिव्याशाप काही दिले नाहीत. मेलेल्या पोराला उचलून नेताना फक्त दाराच्या किल्लीकडे बघत होती.

सुनेने त्यांचे पाय धरले. रेडिओवाल्यांना खरं सांगा, ते गाणं कुणाचं ते सांगा, म्हणाली. सासऱ्यांनी पाय मागे घेतले. या वयात लोकांनी तोंडात शेण घालावं का, म्हणाले. त्या गाण्यावर तर माणसं मला ओळखतात. पोरीला तिसरं कडवं ऐकू देऊ नकोस, झालं.

शनिवारी गाण्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. दुपारी चारला रेडिओवर खास कार्यक्रम होता. दुकानादुकानांतून लोकांनी आवाज मोठा करून ठेवला. पळून जायला जागाच उरली नाही. सासऱ्यांनी आतून हाक मारली, पोरीला इकडे घेऊन ये, या खोलीत मुंगीचाही आवाज शिरत नाही. सून आत गेली, दार ओढून घेतलं.

खरंच सगळं शांत झालं. तबकडीपेटीचं झाकण बंद होतं. आणि त्या शांततेत नमद्यातून गाणं पाझरायला लागलं... चारी भिंतींतून, अगदी हळू. खोलीत कढत अंगाचा वास पसरला, तापलेल्या लेकराच्या टाळूला येतो तसा. ठकी रडायला लागली.

सून तिला घेऊन बाहेर आली, पण गाणं तिच्याबरोबर आलं. सासरे खुर्चीतच बसून होते. डोळे मिटून, मान डोलावत. दार आपोआप मागे लागलं. दुसरं कडवं संपलं. ठकीचं रडणं तुटलं, ओठ जांभळे व्हायला लागले.

तेव्हा दारातली किल्ली हलली. थोडीशी फिरली आणि अडली. जसा कुणाचा तरी हात ती फिरवतोय, पण त्या हातात बळ नाही. सुनेच्या कानाशी कुणीतरी श्वास रोखून थांबलं होतं.

सुनेने किल्ली धरली आणि पूर्ण फिरवली.

ठकीने श्वास घेतला.

आतून टकटक झाली. "सूनबाई... दार उघड गं..." मग जोरात. मग पुन्हा हळू. "पोरी... गुदमरतंय..." सून पोरीला छातीशी धरून उभी राहिली. एका कडव्याला जितका वेळ लागतो, तेवढा वेळ उभी राहिली. टकटक थांबली, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं... झोपले."

नवरा यायच्या आत तिने कुलूप उघडून ठेवलं होतं. डॉक्टरांनी हृदयाचा झटका लिहिला. गल्ली म्हणाली, भाग्यवान माणूस, आपल्याच गाण्याच्या दिवशी गेला.

महिनाभराने शिंप्याच्या रेडिओवर ते गाणं लागलं. सून पळाली नाही. तिसऱ्या कडव्याला मागचं रडणं थांबलं. ठकी रिळाशी खेळत होती, श्वास अगदी नीट चालला होता. आणि गाण्याच्या मागे, लांबून, सावकाश... टक टक.

शिंप्याचे डोळे भरून आले. "वहिनी, हा ठेका इतक्या वर्षांत मला कधी ऐकूच आला नव्हता. काय बारकाई होती हो रेकॉर्डिस्टची!"

गाणं संपलं. पण निवेदिका बोलायच्या आत गाणाऱ्या त्या डमीवालीने श्वास घेतला. पुढचं कडवं सुरू करताना घेतात तसा. गाण्याला कडवी तीनच होती.

दुसऱ्यांदा लागलं तेव्हा तो श्वास जरा लांबला होता.

तिसऱ्या दिवशी सुनेने सुताराला बोलावलं. घरातल्या सगळ्या कड्या आणि कुलपं काढून टाक, म्हणाली, आणि ते जाड दार घेऊन जा. सुतार परगावचा होता, या घराचं त्याला काही माहीत नव्हतं. स्क्रू काढता काढता तो तेच गाणं गुणगुणत होता. तिसरं कडवं संपलं. त्याने श्वास घेतला, तोंड उघडलं आणि तसाच थांबला.

"ताई," तो कपाळाला आठ्या घालत म्हणाला, "याच्या पुढचं काय हो? आत्ता अगदी ओठांवर आलं होतं..."