पेवाशेजारचा पाट

"बूच घट्ट लाव आणि हलव. अजून जोरात," कोकिळा म्हणाली.

इंदरमल माती-पाण्याने भरलेली बाटली घुसळू लागला. बाटल्या त्याच्या बापाच्या दुकानातल्या होत्या आणि घरी कळलं असतं तर त्याची काही खैर नव्हती. पण कोकिळेला त्याहून मोठा घोर लागला होता.

सकाळी तिच्या चुलतभावाने, रेवजीने, नव्या कोरड्या पाटात कागदाची होडी सोडून वर कळशी उपडी केली. होडी चार हात गेली आणि बसली. पाणी गुडूप! पाटाला लागूनच गावाचं पेव होतं, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. त्यात कोकिळेच्या आईने, मंगलाबाईने, यंदाच्या पेरणीचं सगळं ज्वारीचं बियाणं ठेवलं होतं. पाटाचं पाणी तिकडे झिरपलं तर पेरायचं काय?

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आज दुपारीच पाटाला पहिलं पाणी सुटणार होतं.

मोठ्यांना सांगून झालं होतं. करणसिंग पाटील हसले होते. "तपेल जमीन शे पोरेहो, पहिलं पानी पिईच. काळी माटी शे, मंग थांबी जाई." पेव उघडून बियाणं हलवावं, तर आखाजीच्या पूजेआधी पेव उघडायची रीत नाही. आईने तर कानांवर हातच ठेवले.

"पाटील म्हणतात तसं पाणी थांबेलही," रेवजी म्हणाला. "सोडलं की कळेलच."

"तोवर बियाण्याला कोंब फुटतील, शहाण्या," इंदरमल म्हणाला.

"म्हणून तर माती बघायची. ती कशी बसते त्यावरून पाणी धरेल का सोडेल, ते ताडता येतं," कोकिळा म्हणाली.

तीन बाटल्या ओट्यावर मांडल्या. शेतातल्या काळ्या मातीचं पाणी गढूळच राहिलं. नदीपात्रातल्या डांगरवाडीची, म्हणजे खरबुजांच्या वाडीची, माती झपकन तळाशी बसली, नुसती वाळू. तिसरी माती पाटाच्या तळाची. तीही तशीच झपकन बसली.

कोकिळेला उलगडा झाला. काळी माती फक्त वरवर होती आणि पाट खणताना तीच उपसून टाकली होती!

तिघं धावत पाटाच्या तोंडाशी, बंधाऱ्यावर पोचली. पाणी सोडण्यासाठी शहाद्याहून आलेले मामलेदार टांग्यातून उतरत होते. नारळ तयार, पाणी अडवणाऱ्या फळीला दोघांनी हात घातलेला. समजावत बसायला वेळ नव्हता. कोकिळेने शेताची आणि पाटाची बाटली पाटलांपुढे धरली.

"पाटीलबाबा, यातली पाटाची माती कोणती?"

मामलेदारांसमोर पाटलांना हुरूप आला. "मन्ही जमीन मी नही वळखसू त कोन वळखी? हाई!" त्यांनी काळी दाखवली.

"ती शेतातली. पाटाची ही."

पाटलांनी बाटली तळहातावर ओतली आणि चोळली. त्यांचा चेहरा उतरला. "हाई त नदीनी वाळू शे."

"नदीच्या वाळूत आपण पाण्यासाठी झिरा खणतो, तेव्हा शेजारचं पाणी त्यात कधी येतं?"

"रातभरमा," पाटील म्हणाले. मग स्वतःच पाटात उतरले, तळ उकरला, पेवाकडे बघितलं. "फळीले हात लावू नका रे!"

त्या दुपारी म्हशींनी काळा चिखल तुडवला आणि गावाने तो पाटाच्या तळाला थापला. पाणी सुटायला संध्याकाळ झाली, पण मामलेदारांनी तोवर टांगा थांबवून ठेवला आणि बाटल्या पुन्हा हलवायला लावल्या. "शाबास! आमच्या माणसांनी हे आधीच करायला हवं होतं," ते म्हणाले.

पाट रात्रभर भरून वाहिला. आखाजीला पूजा झाली, पेव उघडलं. मंगलाबाईने कोपरापर्यंत हात घालून ज्वारी वर काढली. कोरडी, खडखडीत.

"तू सांगत व्हती, अन् मी ऐकं नही, माय," ती म्हणाली.

कालपासून दाबून धरलेलं रडू कोकिळेला आत्ता फुटलं. आईने ज्वारीने भरलेल्या हातांनीच तिला जवळ घेतलं.