ओढ्यातली पिल्लं

"माझ्या ओढ्यात कुणीतरी विष कालवतंय!" तात्या दारातूनच गरजले. "आणि कोण तेही ठाऊक आहे मला. तो रंगारी!"

वहिनींनी त्यांना आधी बसवलं, मग पाणी दिलं. खासगी तपास हा त्यांचा धंदा आणि दीर हा त्यांचा एकमेव मदतनीस. या भाऊजींचं शरीर दणकट, डोकं मात्र सावकाश चालायचं.

तात्यांचा जन्म जाळं टाकण्यात गेलेला. "हल्ली जाळ्यात पिल्लू म्हणून येत नाही. सगळे थोराड मासे. माझ्यासारखे."

"मेलेले मासे तरंगताना दिसले?"

"एकही नाही."

"मग विष कसलं?" वहिनी पुटपुटल्या.

रंगारी तर उसळलाच. "माझं रंगाचं पाणी पुलाच्या खालच्या अंगाला पडतं. तात्यांचं जाळं पुलाच्या वरच्या अंगाला. पाणी काय उलटं चढतं?"

भाऊजींचा चेहरा पडला. त्यांनी रंगाऱ्याला मनातल्या मनात बेड्याही घातल्या होत्या.

बाजारात मासेवाली मासा चिरत होती. "तात्यांचा माल गुटगुटीत. पण पोटात अंडी, गाभोळी मिळेल तर शपथ! धबधब्यावरच्या माशांत असते की भरपूर."

धबधबा आणि जाळं यांच्या मधोमध तात्यांच्या मुलीचं मत्स्यबीज केंद्र होतं. तिनं हौसेनं टाक्या दाखवल्या. "माद्या अंडी घालण्यात वाढ घालवतात. म्हणून पिल्लांच्या खाद्यात हार्मोन मिसळते. सगळी नर होतात."

"आणि टाक्यांचं पाणी?"

"मोठ्या तळ्यांचं गढूळ पाणी शेताला. पिल्लांच्या टाक्यांचं अगदी नितळ, ते ओढ्यात. उन्हाळ्यात ओढा आटला की बाबा कासावीस होतात." ती थांबली. "इथे मात्र पाऊल टाकत नाहीत. कोंडलेले मासे त्यांना बघवत नाहीत."

वहिनींनी त्या नितळ पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. निकाल आल्यावर बापलेकीला ओढ्यावर बोलावलं.

"विषानं मासे मरतात. इथे ते धडधाकट आहेत, फक्त पिल्लं नाहीत. गाभोळी नाही, म्हणजे माद्याच नाहीत. धबधब्यावर आहेत, खाली नाहीत. म्हणजे बिघाड मधेच कुठेतरी. मध्ये आहे फक्त केंद्र. खाद्यातला हार्मोन पाण्यात उतरतो, प्रयोगशाळेला तो नमुन्यात सापडला. दिसत नाही, वासही येत नाही. त्यानं ओढ्यातली पिल्लंही नर झाली."

"अहो, पण पाणी तर आरशासारखं!" भाऊजी म्हणाले.

"म्हणूनच तर तिनं वडिलांसाठी तेच निवडलं."

मुलीच्या डोळ्यांना धार लागली. "बाबा, मला वाटलं, तुमचा ओढा जगेल..."

तात्यांनी प्रवाहाकडे तोंड फिरवलं. त्यांना राग आवरत नसावा, असं भाऊजींना वाटलं. पण तात्यांनी गळ्यातल्या पंच्यानं लेकीचं तोंड पुसलं, ती लहान असावी तसं.

"आता वरच्या माद्या आणून खाली सोडू. पण आधी ते पाणी थांबवायला हवं." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चल, तुझ्या टाक्या दाखव मला."