दियाफानीला बोट लागणार!

"डावीकडे! अहो, डावीकडे! डावा हात कुठला ते माहीत आहे ना?"

स्टाथिसशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. प्रेम असं सुरू होत नाही म्हणतात. आमचं झालं, त्याला माझा इलाज नाही.

मे महिन्यातली दुपार होती. पिरेयस बंदराच्या धक्क्यावर आमच्या 'मिर्तो' बोटीच्या पोटात दीडशे गाड्या भरायच्या होत्या. आमच्याकडे गाडी बोटीत उलटी घालतात, म्हणजे उतरताना सरळ बाहेर पडता येतं. बेटावरचे म्हातारे शेळ्यांचा ट्रकसुद्धा एका हातात सिगारेट धरून उलटा घालतात. आणि हा पठ्ठ्या एवढ्याशा निळ्या गाडीत बसून तिसऱ्यांदा त्याच खांबाला भिडला होता.

मी काच ठोकली. "उतरा. किल्ली द्या."

"मी लावतो ना... एक मिनिट."

"तुम्ही लावेपर्यंत रोड्स बेट चालत इकडे येईल. काम काय करता तुम्ही?"

तो कानापर्यंत लाल झाला. "पायलट आहे."

मागे दोर ओढणारे खलाशी फिस्सकन हसले. मीही हसू दाबलं नाही. "आणि विमान मागे कसं घेता?"

"त्याला वेगळा ट्रॅक्टर येतो हो," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

"आमच्याकडे ट्रॅक्टर नाही. मी आहे."

एका फटक्यात गाडी लावली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सुटली. उतरून बघते तर हा माझ्याकडे बघतोय... गाडीकडे नाही, माझ्याकडे! बावीस वर्षांची असताना बोटीवर चढले, आता तेहतीसची आहे. बघणारे पुष्कळ भेटले. पण शाळेत पहिला आलेल्या पोराकडे आई बघते ना, तसं कौतुकानं कुणी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी तो कठड्याला टेकून उभा दिसला. छोट्या बेटांवर जाणारं छोटं विमान चालवायला त्याची रोड्सला बदली झाली होती, म्हणून गाडी घेऊन निघाला होता.

"अठरा तास!" तो म्हणाला. "तुम्ही लोक अठरा तास करता काय बोटीत? मी तासाभरात पोचवतो."

"विमानात शेजारी कोण बसलंय ते कळायच्या आत उतरावं लागतं. आमच्या बोटीत माणूस शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न जुळवून उतरतो."

"असं? मग माझ्या शेजारी कोण आहे?"

"रिगोपूला. बोटीची उपकप्तान. रीगो म्हणतात. आणि तिचं लग्न जुळवायचं नाहीये."

"मी कुठे काय म्हटलं..." तो हसला. वारा असा सुटला होता की त्याचं हसू अर्धंच ऐकू आलं. उरलेलं अर्धं मी रात्रभर ऐकत राहिले, आता खोटं कशाला बोलू?

पहाटे त्याला बोट लागली. हा डोंगरातला माणूस, समुद्राशी कधी संबंध नाही. मी लिंबू कापून दिलं आणि म्हटलं, "वर ढगात नाही होत असं?"

"वर सुकाणू माझ्या हातात असतं," तो लिंबू चोखत म्हणाला. "इथे तुमच्या हातात आहे... सवय करावी लागेल."

नंतर आठवड्यातून दोनदा आमची बोट रोड्सला लागायची आणि धक्क्यावर दोन कॉफ्या घेऊन स्टाथिस उभा असायचा. 'अहो'चं 'अगं' कधी झालं ते आठवत नाही. तो म्हणायचा, "काल वरून तुझी बोट बघितली, चप्पल तरंगतेय असं वाटलं." मी म्हणायची, "खालून तुझं विमान मला डास वाटतो. मारावासा वाटतो." जूनमध्ये त्यानं माझा हात धरला, जुलैत मी त्याचा सोडेना झाले. पण 'ते' वाक्य कुणीच बोललं नाही. दोघंही मानी. आधी कोण बोलणार?

ऑगस्टमध्ये आमचे जुने कप्तान निवृत्त झाले आणि 'मिर्तो' माझ्या हातात आली. माझी पहिली फेरी चौदा ऑगस्टची. रोड्सहून निघायचं, मग हाल्की, मग दियाफानी, मग पिगादिया आणि पुढे कासोस.

दियाफानी म्हणजे माझं गाव. कार्पाथोस बेटाच्या उत्तरेचं, एवढंसं. धक्का एक, आणि बोटीचे दोर धरणारा माणूस एक, तो म्हणजे माझे बाबा, मिनास. उन्हाळ्यात डोंगरावरून वारा असा कोसळतो की निम्म्या वेळा बोट लागतच नाही. लोक बोचकी घेऊन उभे राहतात आणि बोट समोरून सरळ दक्षिणेच्या पिगादिया बंदराला निघून जाते. मी आठ वर्षांची असताना आई माझ्या तान्ह्या भावाला घेऊन रोड्सच्या दवाखान्यातून येत होती. बोट लागली नाही. आई डेकवरून रुमाल हलवत गेली... लांब लांब गेली. पिगादियाहून येणारा रस्ता दरड पडून बंद होता, आई तिसऱ्या दिवशी घरी आली. त्या दिवशी मी बाबांना सांगितलं होतं, मी कप्तान होणार आणि आपल्या गावाला बोट लावणार.

आणि पंधरा ऑगस्ट हा आमचा पानायियाचा, म्हणजे माता मरियाचा सण. जगात कुठेही असलेला आमचा माणूस त्या दिवशी गावात पाहिजेच. रोड्समधल्या आमच्या लोकांपुढे दरवर्षी एकच पेच: विमानानं जायचं की बोटीनं? विमान वाऱ्याला फारसं जुमानत नाही, पण उतरवतं बेटाच्या पार दक्षिण टोकाला. तिथून दोन तास वळणावळणाचा घाट, मांडीवर मिठायांची ताटं. बोट घराच्या दारात सोडते... सोडली तर.

रोड्सच्या कालित्सा मावशीनं मला फोन केला. "रीगो, विमानाचं तिकीट काढलंय गं मी. काय करू?"

मी कप्तान होऊन चारच दिवस झाले होते. छाती फुगलेली होती. म्हटलं, "मावशी, परत करा ते तिकीट. दियाफानीला बोट लागणार. मी आहे ना!"

मावशीला सांगितलं म्हणजे साऱ्या रोड्सला सांगितलं. पन्नासेक माणसांनी विमान सोडून बोट धरली.

स्टाथिसला हे कळलं तेव्हा त्याच्या हातातली कॉफी तशीच राहिली. "शब्द दिलास? वाऱ्याच्या वतीनं?"

"माझ्या वतीनं."

"रीगो, आम्ही तिकिटावर वेळ छापतो. पण शब्द कुणी देत नाही गं."

"म्हणून तर लोक तुमच्यावर प्रेम करत नाहीत!" मी फाडकन बोलले. त्याला लागलं ते दिसलं. पण मी काय थांबणारी! "तू ये तुझ्या विमानानं. सकाळी उतर, दुपारी दियाफानीच्या धक्क्यावर बाबांशेजारी उभा राहा. आणि बघ."

"बाबांशेजारी?" त्याचे डोळे चमकले. "कोण म्हणून उभा राहू?"

"ते... ते तेव्हा बघू," मी म्हटलं आणि पाठ फिरवली.

चौदा तारखेला सकाळी रोड्सला वाऱ्याचा जोर बारापैकी सहा होता, अंदाज सातचा. आठ झाला की बंदरवाले बोट सोडतच नाहीत, सातपर्यंत सगळं कप्तानावर. मी वरच्या केबिनमधून खाली बघत होते. आमच्या बायका नक्षीदार पोलकी आणि कातड्याचे उंच बूट घालून चढत होत्या, कुणी सारंगीसारखी लिरा वाजवत होतं. आणि त्यांच्यात, कालित्सा मावशीचं बक्लाव्याचं ताट दोन्ही हातांनी सांभाळत... स्टाथिस!

मी धावत खाली गेले. "तू इथे काय करतोस? तुझं विमान?"

"जागा नव्हती."

"पायलटला जागा नव्हती?"

"सणाची गर्दी," तो म्हणाला. माझ्याकडे मात्र बघेना. मला राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी असं काही गोड वाटलं की मी तशीच वर पळाले.

दुपारी दोनला दियाफानी दिसलं. पांढरी घरं, धक्क्यावर माणसांची रांग, आणि अगदी टोकाला एकटी उभी एक काळी टोपी. बाबा.

आमच्या बोटी धक्क्याला पाठमोऱ्या लागतात. लांबवर नांगर टाकायचा आणि साखळी सोडत सोडत मागे मागे जायचं. मी नांगर टाकला. धक्का दोनशे मीटरवर. दीडशे. खाली पन्नास माणसं टाळ्या वाजवायला लागली. शंभर. आणि डोंगरावरून वारा उतरला. बोट आडवी व्हायला लागली, नांगर तळावरून घसरायला लागला. इंजिन दिलं, सावरली. ऐंशी. परत झोत आला, धक्क्याचं कोपऱ्यातलं काँक्रीट मला एवढं जवळ दिसलं की त्यावरचे शिंपले मोजता आले असते.

लागली असती कदाचित. दहातल्या सहा वेळा लागली असती. तेवढ्यात बाबांचा चेहरा दिसला... आणि माझ्याच बोटीवर, आईसारख्याच, कुणाकुणाच्या आया दिसल्या.

"नांगर उचला," मी म्हटलं. "दोन्ही इंजिनं पुढे."

मग माईक घेतला. आवाज कापत होता, कापू दिला. "मी कप्तान रिगोपूला बोलतेय. दियाफानीला बोट लागणार नाही. तुम्ही माझ्या शब्दावर विमान सोडलंत. शब्द मोडला तो मीच. वाऱ्याला दोष देऊ नका. मला माफ करा."

खाली लिरा थांबली. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

सव्वा तासानं पिगादियाला बोट लावली, तिथे आडोसा आहे. मग मी खाली जाऊन रॅम्पपाशी उभी राहिले. शब्द मोडणाऱ्यानं तोंड लपवू नये, एवढं बाबांनी शिकवलंय. माणसं समोरून उतरत होती. कालित्सा मावशी आली, माझ्यासमोर थांबली, काहीतरी बोलणार एवढ्यात उत्तरेच्या रस्त्यावरून सात-आठ पिकअप धूळ उडवत आल्या. दियाफानीच्या धक्क्यावरचं सगळं गाव माणसं न्यायला आलं होतं. पहिल्या गाडीतून बाबा उतरले. ताठर चालीनं, टोपी हातात घेऊन.

मी म्हटलं, "बाबा, मी..."

"थांब," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, एरवी घरात चार शब्द न बोलणारा माणूस! "तीस वर्षं मी त्या धक्क्यावर उभा राहिलो आणि बोट न लावता गेलेल्या प्रत्येक कप्तानाला शिव्या घातल्या. आज तू मागे मागे यायला लागलीस, बोट आडवी झाली... आणि मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, पानायिया, हिला वळव. आणि पोरगी वळली! पन्नास जणांच्या टाळ्या सोडून वळली! ए, ऐका रे सगळे, ही माझी मुलगी आहे!"

कालित्सा मावशीनं डोळे पुसले आणि लगेच तोंड सोडलं. "ऐकलं रे मिनास, आम्ही बहिरे नाही! रीगो, पुढच्या वर्षीही तुझ्याच बोटीनं येणार मी. लागो नाहीतर न लागो. ए पायलट, ताट नीट धर!"

सगळे हसले. स्टाथिस रॅम्पवरून उतरला. चेहरा हिरवट, केस उडालेले, ताट मात्र सुखरूप.

मी हळूच विचारलं, "खरं सांग. विमानात जागा होती?"

"होती. खिडकीची."

"मग?"

"रीगो, सगळं नीट होणार असतं ना... तर विमानानंच आलो असतो. धक्क्यावर उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या. पण वाऱ्याचा अंदाज बघितला. म्हटलं, उद्या हिला वळावं लागेल, आणि सगळ्या बोटीला वाईट वाटेल. तेव्हा बोटीत एक तरी माणूस असा हवा, ज्याला त्याच क्षणी तिचा अभिमान वाटेल." त्यानं ताट सावरलं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. बोललो बाबा मीच आधी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वर्दीवर, सगळ्या गावासमोर! येऊ दे. माझी बोट, माझं गाव, माझा माणूस, कुणाची चोरी आहे?

पण कप्तानाला सण कुठला? वीस मिनिटांत कासोसला निघायचं होतं. मी वर्दी सारखी केली. "स्टाथिस, आमच्याकडे घर थोरल्या मुलीला मिळतं. आईचं मुलीला. आणि नवरा तिच्याकडे नांदायला येतो. माझं घर तिकडे दियाफानीत आहे. मी पाच दिवसांनी येईन. तू... आजच जाशील?"

"तुझ्याशिवाय?"

"बाबा आहेत. मावशी आहे. बकरी कापलीय. माझ्या वाटची खुर्ची रिकामी आहे, तिच्यात बस."

तो बाबांकडे वळला. बाबांनी त्याला बुटांपासून डोक्यापर्यंत बघितलं. "बोट लागते तुला?"

"फार," स्टाथिस म्हणाला.

"आणि तरी बोटीनं आलास?"

"हो."

बाबांनी ताट त्याच्या हातातून घेतलं, मागे चढून बसलेल्या मावशीच्या मांडीवर दिलं आणि पिकअपचं पुढचं दार उघडून धरलं. गावात तो मान पाद्रीबाबांना असतो.

वीस मिनिटांनी मी वरच्या केबिनमधून बघितलं. उत्तरेच्या घाटात पिकअपची रांग चढत होती, आणि पहिल्या गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता. मी भोंगा दिला, तीनदा, लांबलचक, सगळ्या बेटाला ऐकू जाईल असा. मग माझ्या माणसाला माझ्या घरी नांदायला पाठवून मी ताठ मानेनं कासोसकडे बोट वळवली.